‘बाप्तिस्मा’ : शब्द, विधि व अंतःपरिवर्तन

मराठी ख्रिस्ती कुटुंबांचीं दफ्तरें, चर्चच्या नोंदवह्या, मिशनचे अहवाल व एकोणिसाव्या शतकांतील आत्मचरित्रें हीं आतां हळूहळू संशोधकांच्या हातीं येऊं लागलीं आहेत. तीं चाळतांना ‘बाप्तिस्मा’ हा शब्द पदोपदीं भेटतो. ‘धर्मांतराचा विधि’ एवढा अर्थ मनांत धरून व त्यापुढील तारीख टिपून संशोधक बहुधा पुढें जातो. ही तारीख खरी असते; परंतु ती नक्की कशाची तारीख, हा प्रश्न शिल्लक राहतो. मनुष्याचें मन त्या दिवशीं बदललें, कीं त्याचें नांव बदललें, कीं त्याच्या पंक्तीचा व वारशाचा निकाल लागला ? या तिन्ही गोष्टी एकाच दिवशीं घडल्या असें गृहीत धरल्यास अनेक चरित्रांचा अर्थ उलटा लागतो. म्हणून हा शब्द, त्यामागील विधि व त्या विधीनें सुचविलेलें अंतःपरिवर्तन यांचा संबंध येथें क्रमानें पाहण्याचें योजिलें आहे. कोणत्याही धर्ममताचें मंडन वा खंडन हा या लेखाचा विषय नव्हे.

(१) शब्दाचा अर्थ

मूळ ग्रीक धातु ‘बाप्तिझेइन’ असा असून त्याचा अर्थ पाण्यांत बुडविणें, निमज्जन करणें असा आहे. ज्या ‘बाप्तेइन’ धातूपासून तो निघाला, तो रंगारी वस्त्र रंगांत बुडवितो त्या क्रियेसही लावीत. त्यापासून झालेलें ‘बाप्तिस्मा’ हें नाम मराठींत जसेंच्या तसें आलें आहे. वसईकडील कॅथलिक लोक मात्र ‘स्नानसंस्कार’ असा शब्द योजतात, व तो मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे.

शब्दाचें भाषांतर करावें कीं मूळ शब्दच ठेवावा, हा वाद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण ज्या पंथांत केवळ कपाळावर पाणी शिंपडतात त्यांना ‘निमज्जन’ हा शब्द नको होता, आणि ज्या बॅप्टिस्ट पंथांत सर्वांग बुडविल्याशिवाय विधि मान्य नव्हता त्यांना तोच हवा होता. बंगाली नव्या करारांत बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनीं बुडविण्याच्या अर्थाचा शब्द घातल्यामुळें ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीनें त्यास साहाय्य नाकारलें, व त्यांतूनच इ. स. १८४० मध्यें बायबल ट्रान्सलेशन सोसायटी ही निराळी संस्था निघाली. पुढें रूढ झालेल्या मराठी भाषांतरांत मूळ ग्रीक शब्दच राहिल्यानें हा तंटा मराठींत शब्दापुरता तरी उद्भवला नाहीं. मात्र त्याची किंमत वाचकाला द्यावी लागली. ‘बाप्तिस्मा’ हें अक्षर ऐकतांना मराठी कानाला त्यांत पाणी ऐकूं येत नाहीं. एका संघांत दाखल होण्याचें तें केवळ नांव वाटतें.

याच्या उलट प्रकार ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा झाला. योहान हा यार्देन नदीच्या तीरावर लोकांना बाप्तिस्मा देत असे तेव्हां त्याबरोबर ज्या आंतरिक क्रियेची मागणी तो करी, तिला ग्रीक शुभवर्तमानांत ‘मेतानोइया’ म्हटलें आहे. त्याचा अक्षरार्थ मति पालटणें. मराठी भाषांतरकारांनीं त्यासाठीं ‘पश्चात्ताप’ हा तयार संस्कृत शब्द घेतला. पश्चात् म्हणजे मागाहून होणारा ताप, यांत भूतकाळाबद्दलची जळजळ आली. पण पुढील दिशा बदलण्याचा भाव मावळला. अशा रीतीनें एक शब्द अर्थावांचून आला व दुसरा अर्धा अर्थ सोडून आला. जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनांत हे दोन शब्द शेजारीं आले असतां ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

(२) विधि व त्याचा भावार्थ

बाप्तिस्म्याचा प्राचीन विधि कसा होता, हें समजण्यास हस्तलिखित संग्राहकांना विशेष रुचेल असें एक साधन आहे. कॉन्स्टॅंटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथालयांत इ. स. १८७३ मध्यें ब्रिएन्निओस नांवाच्या विद्वान् धर्माधिकाऱ्यास इ. स. १०५६ मध्यें लिहिलेली एक ग्रीक पोथी सांपडली. तींत ‘दिदाखे’, म्हणजे ‘उपदेश’, या नांवाचें फार जुनें छोटें प्रकरण होतें, व तें त्यानें १८८३ मध्यें छापून प्रसिद्ध केलें. त्यांत आज्ञा अशी कीं, बाप्तिस्मा वाहत्या पाण्यांत द्यावा. तें नसल्यास दुसरें पाणी घ्यावें. थंड न मिळाल्यास ऊन चालेल. आणि दोन्ही पुरेसें नसल्यास पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें मस्तकावर तीन वेळां पाणी ओतावें. विधीपूर्वीं देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें उपास करावा, असेंही सांगितलें आहे. यावरून पाण्याचें प्रमाण व प्रकार हे गौण होते, हें उघड दिसतें. सवलतींचा हा क्रम धर्मशास्त्रांतील मुख्य कल्प व अनुकल्प यांची आठवण करून देतो.

विधीचा भावार्थ पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत सांगितला आहे. पाण्याखालीं जाणें म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणें व पुरलें जाणें. पाण्याबाहेर येणें म्हणजे त्याच्याबरोबर नव्या आयुष्यांत उठणें. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत निकदेम या यहूदी अधिकाऱ्याला येशूनें पाण्यानें व आत्म्यानें पुन्हां जन्मावें लागेल असें सांगितल्याची कथा आहे. म्हणजे एकाच विधींत स्नान, मरण व जन्म अशा तीन कल्पना एकत्र आल्या आहेत. मळ धुणें ही त्यांतील पहिली व सर्वांत सोपी कल्पना होय. आपल्याकडील वाचक बहुधा तेथेंच थांबतो व बाप्तिस्म्याला तीर्थस्नानाच्या कोटींत बसवितो. परंतु तीर्थस्नान पुनःपुन्हां करितां येतें, बाप्तिस्मा एकदांच. कारण मनुष्य अनेकदां मळतो, पण जन्मतो एकदां. नंतर घडलेल्या पापासाठीं पापनिवेदनाचा मार्ग निराळा ठेविलेला आहे.

येथें ख्रिस्ती पंथांत मोठा मतभेद आहे. कॅथलिक व इतर कित्येक पंथ अर्भकालाही बाप्तिस्मा देतात व धर्ममातापिता त्याच्यातर्फे वचन देतात. बॅप्टिस्ट पंथ स्वतः विश्वास प्रकट करील अशालाच तो देतो. पहिल्या पक्षाला अनुग्रह आधीं व उमज मागाहून हें मान्य आहे. दुसऱ्यास उमज आधीं पाहिजे. नोंदवहींतील तारखेचा अर्थ लावण्यापूर्वीं ती वही कोणत्या पंथाची, हें पाहिलें पाहिजे तें एवढ्यासाठींच.

(३) संस्कृत परंपरेशीं तुलना

संस्कृतज्ञ वाचकाला पुनर्जन्माची ही कल्पना अपरिचित नाहीं. उपनयनानें होणारा दुसरा जन्म ‘द्विज’ या शब्दांतच आहे. अथर्ववेदाच्या ब्रह्मचारिसूक्तांत आचार्य शिष्याला तीन रात्री उदरांत धारण करितो अशी कल्पना आहे. ऐतरेय ब्राह्मणांत तर सोमयागाच्या दीक्षिताला ऋत्विज पुन्हां गर्भरूप करितात असें सांगून, त्याच्यावर पाणी शिंपडणें, वस्त्र, कृष्णाजिन या एकेका अंगाचा गर्भावस्थेशीं मेळ घातला आहे. बाप्तिस्म्यांतही पाणी आहे, शुभ्र वस्त्र आहे व नवें जन्म आहे.

साम्य इतकें असलें तरी एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें म्हणण्यास आधार नाहीं, आणि भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. यज्ञांत मुख्य स्नान, म्हणजे अवभृथ, शेवटीं येतें व दीक्षितत्व संपवितें. ख्रिस्ती स्नान आरंभीं येतें व त्यानें प्राप्त झालेलें नातें संपत नाहीं. रूढ धर्मशास्त्राप्रमाणें उपनयनाचा अधिकार वर्ण व लिंग यांनीं मर्यादित झाला. बाप्तिस्म्याला अशी मर्यादा नाहीं. हा शेवटचा भेदच एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील अनेकांच्या आयुष्यांत निर्णायक ठरला.

(४) गोमंतकांतील प्रसंग

गोव्यांत सोळाव्या शतकांत राजसत्तेच्या दडपणाखालीं जे सामुदायिक बाप्तिस्मे झाले, त्यांत मतिपालट किती व भय किती, हें वहीवरून कळणार नाहीं. त्या वेळीं पोर्तुगीज रीतीप्रमाणें नांव व आडनांव दोन्ही बदलत, त्यामुळें कागदांवर तरी पूर्वीच्या मनुष्याचा मागमूस उरत नसे. पण मनांतून तो गेला नव्हता, याचा पुरावा खुद्द एका पाद्रीच्या ग्रंथांत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें रोमी लिपींत छापलें गेलें. ग्रंथाच्या आरंभींच्या भागांत असा प्रसंग आहे कीं, नवख्रिस्ती लोकांपैकीं एक ब्राह्मण पाद्रीला विनवितो : आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या ठिकाणीं वाचावयास कांहीं द्यावें.

या विनंतीचा अर्थ खोल आहे. पाण्यानें त्याचें नांव पालटलें होतें, परंतु कथा ऐकण्याची व ओवीच्या तालावर देवाचें चरित्र मनांत मुरविण्याची त्याची भूक तशीच होती. स्टीफन्सनें ती भूक दोष मानली नाहीं; दहा हजारांहून अधिक ओव्यांत त्यानें बायबलची कथा मराठींत गायिली. बाप्तिस्म्यानें ज्याची सुरुवात झाली त्याचें परिवर्तनांत रूपांतर व्हावयाचें तर भाषा व छंद त्या मनुष्याचेच असावे लागतात, असा हा एका परकीयाचा कबुलीजबाब होय. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची (१६१६, १६४९, १६५४) एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांमुळें. त्यांवरून सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तो पुन्हां छापला. ज्यांनीं या नकला केल्या त्यांनीं तो ग्रंथ आपला मानला होता, हें वेगळें सांगावयास नको.

(५) पाणी कीं पंक्ति ?

इंग्रजी अमदानींत बाप्तिस्म्याला कायद्याचें अंग आलें. मुंबईंत मे १८३९ मध्यें धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना डॉ. जॉन विल्सन यांनीं बाप्तिस्मा दिला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, पण बाप्तिस्मा होण्यापूर्वींच न्यायालयानें तो अल्पवयी म्हणून बापाच्या स्वाधीन केला. आतां त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईंत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं घेण्याच्या बाजूनें पक्ष उचलला व सनातनी मंडळींचा रोष पत्करला.

या वादांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, श्रीपतच्या मस्तकावर पाणी पडलेंच नव्हतें. त्याच्याविरुद्धचा आक्षेप परकीयांच्या हातचें अन्न खाल्ल्याचा होता. मिशनरी ज्या रेषेला निर्णायक मानीत ती पाण्याची होती. जात जिला निर्णायक मानी ती अन्नाची होती. यामुळें कागदपत्रांत ‘बाटला’ हा शब्द व ‘बाप्तिस्मा झाला’ हे शब्द एकाच दिवसाचे असतील असें धरूं नये. जात गेल्यामुळें वारसा जाऊं नये असा कायदा १८५० मध्यें (एकविसावा) झाला, व धर्मांतरामुळें सोडून दिलेल्या पतिपत्नीच्या विवाहविच्छेदाचा कायदा १८६६ मध्यें आला. १८५० चा कायदा कंपनीच्या मुलखाचा. निजामाच्या राज्यांतील आमच्या मराठवाड्यास तो लागू नव्हता. याच मराठवाड्यांत जालन्याजवळ पुढें नारायण शेषाद्रि यांनीं ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत वसविली.

(६) तीन चरित्रें, तीन क्रम

विधि व परिवर्तन यांचा काळ एकच नसतो, हें तीन प्रसिद्ध चरित्रांवरून स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण नीळकंठशास्त्री गोरे यांचें. काशींत राहणारे हे चित्पावन पंडित जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचें खंडन करण्यास सरसावले व ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. खंडनासाठीं केलेल्या अभ्यासांतच त्यांचें मत डळमळलें व १८४८ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हें नांव धारण केलें. येथें परिवर्तन आधीं, तेंही वादाच्या मार्गानें. विधि त्याच्या शेवटीं. बाबा पदमनजी यांचाही क्रम असाच. परमहंस सभेशीं संबंध, मनांतील ओढ व आप्तांचें भय यांत वर्षें गेल्यावर १८५४ मध्यें बेळगांवास त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘अरुणोदय’ (१८८८) या त्यांच्या आत्मचरित्रांत हा विलंबाचा काळच मुख्य आहे.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाई यांचें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें कन्या मनोरमेसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तरी शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत, असा प्रश्न तेथील भगिनींना विचारला. पुढें आपल्या अनुभवकथनांत (१९०७) त्यांनीं स्वतःच म्हटलें आहे कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ मध्यें, मिळाला. येथें विधि आधीं व परिवर्तन मागाहून. केवळ नोंदवही पाहणारा संशोधक १८८३ लिहील. रमाबाईंचा स्वतःचा हिशेब १८९१ चा आहे. दोन्ही खरीं, पण निरनिराळ्या गोष्टींबद्दल.

तिसरें उदाहरण टिळक दांपत्याचें. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसारावर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें दोघें विभक्त राहिलीं. लक्ष्मीबाईंनीं पुढें १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना दिसतें तें असें कीं, सोंवळ्याओंवळ्याची व जातिभेदाची मनांतील गांठ त्याच्या आधींच सुटली होती. उंबरठा त्यांनीं अन्नाचा ओलांडला व मग पाण्याचा. टिळकांनीं आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्यें, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसावेत अशी योजना होती. ज्या विधीसाठीं त्यांनीं आप्त व घर गमावलें, तोच विधि बंधुत्वाची कुंपणभिंत होऊं नये असें त्यांस वाटलें. १९१९ मध्यें ते वारले व दरबार फार वाढला नाहीं. तथापि हा विचार मराठी धर्मेतिहासांत नोंदण्याजोगा आहे.

(७) तेरचें कच्चें मडकें

विधि झाला तरी मनुष्य पालटला काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुरता नाहीं. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेरच्या गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनीं थापटणें घेऊन एकेकाचें मस्तक पारखलें. इतर निमूट राहिले. नामदेव रागावले व त्यांचें मडकें कच्चें ठरलें. विठ्ठलाशीं ज्यांचें रोजचें बोलणें, तेच कच्चे ! मग ते विसोबा खेचरांकडे गेले व त्यांना गुरूपदेश झाला. देवाचा सहवास असूनही भट्टी बाकी राहूं शकते, हें कुंभाराच्या भाषेंत या कथेनें सांगितलें आहे. योहानानेंही आपला बाप्तिस्मा पाण्याचा, पण मागून येणारा आत्म्यानें व अग्नीनें बाप्तिस्मा देईल, असें म्हटल्याचें शुभवर्तमानांत आहे. मातीला पाणी लागल्यावांचून आकार येत नाहीं व आंच लागल्यावांचून टिकाऊपणा येत नाहीं. पहिली क्रिया एका दिवसाची, दुसरीचा काळ कोणास नेमून देतां येत नाहीं. ही तुलना अर्थ समजण्यापुरतीच घ्यावी. इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे.

याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं, जें तेव्हां उस्मानाबाद म्हणून ओळखलें जाई, जानेवारी २०२० मध्यें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें व त्याचे अध्यक्ष वसईचे कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीवर धर्माच्या नांवानें आक्षेप घेतले गेले होते, तरी संमेलन पार पडलें. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा मनुष्य मराठी लेखक म्हणून गोरोबांच्या जिल्ह्यांत अध्यक्षपदावर बसला, ही गोष्ट स्टीफन्सला विनविणाऱ्या त्या ब्राह्मणाच्या मागणीचें दूरचें फळ म्हणावयास हरकत नाहीं. २५ जुलै २०२४ रोजीं फादर दिब्रिटो निवर्तले.

(८) संग्राहकांस सूचना

वरील विवेचनावरून कांहीं व्यावहारिक नियम निघतात. एक, नांवावरून धर्म ठरवूं नये. गोमंतकांत नांवें बदललीं, पण नारायण शेषाद्रि, बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक यांचीं नांवें बाप्तिस्म्यानंतरही तींच राहिलीं. दोन, बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत मुलाचें नांव, आईबाप, धर्ममातापिता व विधि करणारा यांचीं नांवें येतात. धर्ममातापित्यांचें नातें हें त्या काळच्या सामाजिक आश्रयाचें साधन असल्यानें तो रकाना गाळून नक्कल करूं नये. तीन, प्रौढांच्या बाबतींत अर्जाची, परीक्षेची, बाप्तिस्म्याची व प्रथम प्रभुभोजनाची अशा तारखा निराळ्या मिळाल्यास त्या निराळ्याच टिपाव्या. १८७६–७८ सारख्या दुष्काळानंतरच्या नोंदींत हें अंतर विशेष बोलकें असतें. भाकरीसाठीं आले असा सरसकट शेरा, किंवा केवळ श्रद्धेनें आले असा सरसकट शेरा, दोन्ही त्याशिवाय मारतां येणार नाहींत. चार, कुटुंबांतील जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी घरच्या हातानें केलेल्या आढळतात. छापील ग्रंथ म्हणून तीं पुस्तकें रद्दींत जातात. तीं पोथीप्रमाणेंच जपलीं पाहिजेत.

सारांश, बाप्तिस्म्याची नोंद एका निश्चित दिवशीं घडलेल्या निश्चित कृतीची साक्ष देते, आणि तेवढ्यापुरती ती उत्तम साक्ष आहे. त्या मनुष्याच्या अंतरांतील पालटाची साक्ष पत्रांत, आत्मचरित्रांत, त्यानें कोणाबरोबर जेवण केलें यांत व त्यानें काय गायिलें यांत शोधावी लागते. दोन्ही साक्षी एकमेकींशेजारीं ठेवल्या म्हणजेच वहींतील ओळीमागचा मनुष्य दिसूं लागतो.